समूह मानसोपचाराची सुरुवात: गट चालवणाऱ्याने बसायचं कुठे?

समूह मानसोपचाराच्या, म्हणजे रोग्यांना गटात बसवून केलेल्या मानसोपचाराच्या, इतिहासाबद्दलच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. हा उपचार नेमका कुणी सुरू केला? एका पुस्तकात प्रॅटचं नाव सापडतं, दुसऱ्यात मोरेनोचं, तिसऱ्यात बिऑनचं. आणि दुसरं, आज समुपदेशन केंद्रात किंवा रुग्णालयात गट घेणाऱ्याला या इतिहासाचा परीक्षेपलीकडे काही उपयोग आहे का?

जनक शोधण्यात फार वेळ घालवू नये. १९०५ ते १९४८ या काळात आठ-नऊ जणांनी हे काम वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या अडचणींतून सुरू केलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना एकमेकांची खबरही नव्हती. बहुतेक ठिकाणी सिद्धांत मागाहून आला. आधी होती ती टंचाई. खाटा कमी, पैसे कमी, डॉक्टर कमी, म्हणून माणसं एकत्र बसवली. बसवल्यावर सगळ्यांच्या लक्षात एकच गोष्ट आली, की रोगीच रोग्याच्या उपयोगी पडतोय. मग प्रश्न उरला डॉक्टरचा. त्याने बसायचं कुठे, बोलायचं किती आणि गप्प कधी राहायचं? प्रत्येकाने याचं वेगळं उत्तर दिलं. आजचे गट बिघडतात तेही बहुधा इथेच, त्यामुळे हा इतिहास याच अंगाने वाचला तर कामाला येतो.

जोसेफ हर्सी प्रॅट मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. तो बॉस्टनमधला फिजिशियन. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं, स्ट्रेप्टोमायसीन यायला अजून जवळजवळ चाळीस वर्षं होती. पूर्ण विश्रांती, रात्रंदिवस मोकळी हवा आणि भरपूर आहार एवढाच उपचार, आणि तो मिळे सॅनेटोरियममध्ये. ज्यांना ते परवडत नव्हतं अशा गरीब रोग्यांसाठी प्रॅटने जुलै १९०५ मध्ये एक वर्ग सुरू केला. खर्चाचा भार तिथल्या इमॅन्युएल चर्चने उचलला.

या वर्गाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. संख्या जास्तीत जास्त २५. प्रवेशाची अट कडक होती: कामधंदा बंद, आणि घराच्या गच्चीवर, सज्जात किंवा अंगणातल्या तंबूत, बॉस्टनच्या थंडीतसुद्धा, उघड्या हवेत राहायचं आणि झोपायचं. प्रत्येकाकडे एक नोंदवही. तीत रोजचा ताप, नाडी, काय खाल्लं, किती तास पडून राहिलो, किती तास बाहेर होतो हे लिहायचं. घरी येऊन पाहणारी एक परिचारिका असे. आठवड्यातून एकदा सगळे जमत. आल्याबरोबर वजन, ताप, नाडी. मग वह्यांची तपासणी. ज्यांचं वजन वाढलं त्यांचे आकडे फळ्यावर. शेवटी प्रॅट थोडं बोले आणि सुधारलेल्या रोग्यांना पुढे करे.

त्याचा मूळ हेतू वेळ वाचवण्याचा होता. वीस जणांना तेच वीसदा सांगण्यापेक्षा एकदा सांगितलेलं बरं. पण दोन-तीन वर्षांतच त्याच्या लिखाणात दुसरी गोष्ट दिसू लागते. वेगवेगळ्या धर्मांची आणि वंशांची ही माणसं एका आजारामुळे एकमेकांची झाली होती आणि आठवड्याची सभा ही त्यांच्यासाठी सुखाची वेळ होती. फळ्यावरच्या शेजाऱ्याच्या आकड्याने जे काम केलं ते डॉक्टरच्या उपदेशाने झालं नसतं.

प्रॅटचे निकाल वाचताना मात्र एक भान ठेवा. नियम न पाळणाऱ्यांना वर्गातून काढलं जाई, म्हणजे उरले ते चिकाटीचे. अशा गटाचा निकाल चांगलाच दिसणार. आजही व्यसनमुक्तीच्या किंवा मधुमेहाच्या गटाचं यश सांगताना मधेच सोडून गेलेल्यांना मोजलं जात नाही, ती खोड इतकी जुनी आहे. दुसरं, प्रॅटची नक्कल करणारे फक्त आठवड्याची सभा उचलतात. नोंदवही आणि घरभेट गळून पडते. मग सभा म्हणजे निव्वळ व्याख्यान उरतं आणि चौथ्या-पाचव्या आठवड्याला उपस्थिती घसरते.

पुढे १९३० मध्ये प्रॅटने बॉस्टन डिस्पेन्सरीत दुसरा वर्ग काढला. पोटाच्या, छातीच्या, डोक्याच्या तक्रारी घेऊन येणारे, तपासणीत काहीच न सापडणारे रोगी त्यात असत. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ देजरीनच्या लिखाणाचा त्याच्यावर प्रभाव होता. रोग्याला धीर देऊन, पटवून देऊन, भावनांना नवं वळण लावायचं ही ती कल्पना. वर्गात शरीर सैल सोडण्याचा सराव आणि छोटं भाषण असे. आता हा उघडउघड मानसोपचार होता, पण बसण्याची रचना तीच राहिली. रोगी ओळीत, डॉक्टर समोर.

समोर उभं राहण्याची हीच रीत मनोरुग्णालयांतही गेली. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात एडवर्ड लझेलने पहिल्या महायुद्धातून परतलेल्या, आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतो त्या आजाराच्या सैनिकांपुढे व्याख्यानं दिली आणि १९२१ मध्ये त्यावर लेख लिहिला. विषय मृत्यूची भीती, न्यूनगंड, भास असे. त्याची सगळ्यात मोलाची नोंद अशी की जे रोगी ऐकतच नाहीत असं सगळे धरून चालले होते, त्यांनी बरंच ऐकलेलं आणि लक्षात ठेवलेलं निघालं. कोपऱ्यात पाठ फिरवून बसलेल्या सभासदाला ‘गटाबाहेरचा’ समजू नये, हा धडा इथून येतो. कोडी मार्श हा आधी धर्मोपदेशक, मग मानसोपचारतज्ज्ञ. त्याने रुग्णालयाचीच शाळा केली. रोगी म्हणजे विद्यार्थी, वर्ग, हजेरी, परीक्षा, गाणी. किंग्ज पार्क रुग्णालयात तर त्याने ध्वनिक्षेपकांवरून व्याख्यानं ऐकवली. समाजाने मोडलेली माणसं समाजातच सांधली जातील ही त्याची श्रद्धा. उत्साह दांडगा, पण त्याच्या पद्धतीत रोगी एकमेकांशी फारसे बोलत नसत. आज ज्याला ‘सायको-एज्युकेशन’ (रोग्याला त्याच्या आजाराबद्दल शिकवणं) म्हणतात त्याचे हे पूर्वज. त्या कामाला मोल आहेच, फक्त त्याला गटोपचार समजून समाधान मानू नये.

खुर्ची पहिल्यांदा खरोखर हलली ती ट्रिगंट बरोच्या खोलीत. बरो अमेरिकेतल्या पहिल्या मनोविश्लेषकांपैकी (रोग्याला कोचावर पडून मनात येईल ते बोलू द्यायचं आणि खुर्चीत बसून त्याचा अर्थ लावायचा, ही त्यांची रीत), १९०९ मध्ये झुरिकला युंगकडे शिकलेला. क्लॅरन्स शील्ड्स या त्याच्या रोग्याने, जो पुढे सहकारी झाला, त्याला आव्हान दिलं: जागा बदलू. मी विश्लेषण करतो, तुम्ही पडून बोला. बरोने ते मान्य केलं, आणि त्याला दिसलं ते अस्वस्थ करणारं होतं. माणसं बदलली तरी अधिकाराचा तोरा तसाच राहिला. जो खुर्चीत बसेल त्याच्या अंगात तो शिरे. तेव्हा दोष एका माणसात नसून नात्यातच आहे, आणि तो पाहायचा तर सगळ्यांनी एकत्र बसून, चालवणाऱ्यासकट, आत्ता इथे काय चाललंय ते तपासायला हवं, असं त्याने ठरवलं. १९२० च्या दशकात त्याने याला समूह विश्लेषण म्हटलं. मनोविश्लेषकांच्या संघटनेने त्याला पुढे बाहेरचा रस्ता दाखवला. बरो वाचायला कठीण आहे, शेवटी शेवटी तर फारच. पण ‘आत्ता, इथे’ हा शब्दप्रयोग तुम्ही गटात करत असाल तर त्याचं ऋण डोक्यावर आहे.

इथे परीक्षेतली एक नेहमीची चूक सांगून टाकतो. फ्रॉइडचं १९२१ चं समूहमानसशास्त्रावरचं पुस्तक हे समूह मानसोपचाराचं पुस्तक नव्हे. त्यात गर्दी, सैन्य आणि चर्च आहे. नेत्याशी जडलेल्या भावनेतून अनुयायी एकमेकांना कसे बांधले जातात हे आहे. आठ माणसांच्या खोलीबद्दल त्यात काही नाही. बिऑनने आणि इतरांनी ते नंतर खोलीत आणलं. फ्रॉइडपासून वेगळा झालेला मानसोपचारतज्ज्ञ अॅडलर, त्याची गोष्ट वेगळी. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नात शाळांमधून त्याच्या मंडळींनी बालमार्गदर्शन केंद्रं चालवली, तिथे मूल आणि पालक यांच्याशी शिक्षकांच्या आणि इतरांच्या देखत बोललं जाई. १९३४ मध्ये ती बंद पडली. पालकांचे गट घेणाऱ्यांनी हा धागा जरूर पाहावा.

आता मोरेनो. जेकब लेव्ही मोरेनो १८८९ मध्ये बुखारेस्टला जन्मला, वाढला व्हिएन्नात. त्याच्या सांगण्यानुसार १९१३-१४ मध्ये तो स्पिटेलबर्ग भागातल्या वेश्यांना, एक डॉक्टर आणि एका वृत्तपत्राचा प्रकाशक यांना बरोबर घेऊन, आठ-दहा जणींच्या गटात आठवड्यातून दोन-तीनदा भेटे. सुधारणेचा उपदेश नाही, धंदा सोडा असा आग्रह नाही. सुरुवातीला बोलणं पोलिसांच्या जाचाचं, दवाखान्यात घेत नाहीत याचं. काही महिन्यांनी त्या एकमेकींना आधार देऊ लागल्या. हे सगळं मुख्यतः मोरेनोच्याच नंतरच्या लिखाणातून कळतं आणि मोरेनो स्वतःबद्दल हात राखून लिहिणारा नव्हता. तरी यातला क्रम कुठल्याही गटाला लागू पडतो. आधी व्यवहाराच्या अडचणी, मग मन. पहिल्याच बैठकीत ‘तुमच्या भावना सांगा’ म्हणणारा गट चालवणारा हा क्रम उलटा करतो आणि समोर मख्ख चेहरे बसलेले पाहतो.

पहिल्या महायुद्धात तो मिटर्नडॉर्फच्या निर्वासित छावणीत डॉक्टर होता. कोण कुणाशेजारी राहतं यावर तंटे आणि आजारपण अवलंबून असतं हे त्याने तिथे पाहिलं. मग व्हिएन्नात त्याचं उत्स्फूर्त नाट्यगृह, आणि १९२५ मध्ये अमेरिका. १९३१-३२ मध्ये त्याने सिंग सिंग तुरुंगातल्या कैद्यांच्या गटवारीचा अभ्यास केला, आणि ‘ग्रुप थेरपी’, ‘ग्रुप सायकोथेरपी’ ही नावं त्याच सुमारास त्याने रूढ केली.

त्याचं सगळ्यात काटेकोर काम मात्र रंगमंचावरचं नव्हे, हडसन गावातल्या मुलींच्या सुधारगृहातलं आहे. १९३२ मध्ये तिथून दोन आठवड्यांत १४ मुली पळाल्या. नेहमीच्या प्रमाणाच्या हे तीसपट होतं. व्यवस्थापनाला ‘वाईट मुली’ शोधायच्या होत्या. मोरेनोने हेलन जेनिंग्जच्या साथीने प्रत्येक मुलीला विचारलं, तुला कुणाबरोबर राहायला आवडेल, कुणाबरोबर नको, आणि उत्तरांचे नकाशे काढले. पळून जाण्याचं कारण मुलींच्या स्वभावापेक्षा त्या कुठल्या साखळीत बसल्या होत्या यात सापडलं. मग मुलींच्या निवडीनुसार राहण्याच्या जागा बदलल्या. हा प्रयोग आजच्या गटालाही जमतो: तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर कोण कुणाकडे बघून बोलतं याचे बाण कागदावर काढा. ज्याच्याकडे एकही बाण जात नाही तो सभासद पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गळण्याची शक्यता मोठी. त्याला ‘बोला ना’ म्हणून उपयोग नसतो. त्याच्या अनुभवाशी जुळणारा दुसरा कुणी गटात आहे का ते पाहून त्या दोघांमध्ये पूल बांधावा लागतो.

मोरेनोची रंगमंचावरची पद्धत म्हणजे सायकोड्रामा: आयुष्यातला प्रसंग नुसता न सांगता गटासमोर करून पाहायचा. त्याची अंगं पाच: मंच, मुख्य पात्र, दिग्दर्शक, साहाय्यक पात्रं आणि प्रेक्षक. टप्पे तीन: अंग मोकळं करणं, प्रत्यक्ष प्रवेश आणि शेवटी वाटून घेणं. गडबड होते ती पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात. पूर्वतयारी न करता सासू-सुनेचा प्रसंग मंचावर आणला की माणसं अभिनय करतात, काही उलगडत नाही. आणि शेवटच्या टप्प्यात प्रेक्षकांनी स्वतःच्या आयुष्यातलं काय हललं ते सांगायचं असतं. सल्ला द्यायचा नाही, विश्लेषण करायचं नाही. आपल्याकडे सल्ला देण्याची हौस फार, त्यामुळे दिग्दर्शकाला इथे लोकांना सारखं थांबवावं लागतं. वेळ संपली म्हणून हा टप्पा गाळला, तर मुख्य पात्र सगळ्यांसमोर उघडं पडून घरी जातं आणि पुढच्या वेळी येत नाही. दीड तासाच्या बैठकीत किमान २०-२५ मिनिटं यासाठी राखावीत. मोरेनोचा दिग्दर्शक खुर्चीत बसत नाही, मंचावर फिरतो. सत्ता त्याच्याकडे भरपूर असते, आणि भूमिकांची अदलाबदल हे तंत्र त्या सत्तेला लगाम घालतं: रोग्याच्या आईचं मत दिग्दर्शक सांगत नाही, रोगी आईच्या जागी उभा राहून स्वतः सांगतो.

न्यूयॉर्कमध्ये याच सुमारास मनोविश्लेषणाच्या अंगाने गट सुरू झाले. लुई वेंडरने १९२९ पासून एका छोट्या रुग्णालयात सहा ते आठ जणांचे गट घेतले, स्त्रियांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे, आठवड्यातून दोन-तीनदा, तासाभराचे, जोडीला व्यक्तिगत भेटी. पॉल शिल्डरने बेलव्ह्यू रुग्णालयात रोग्यांकडून जीवनवृत्तांत लिहून घेऊन त्यावर गटात काम केलं. संख्या २५ वरून सहा-आठवर आली ती इथे, आणि त्यामागे साधं कारण आहे. व्याख्यानाला पंचवीस चालतात. प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसायचा, आणि एका बैठकीत निदान एकदा तरी बोलायला सापडायचं, तर आठाच्या वर जाता येत नाही. पाचाच्या खाली गेलं तर एकजण गैरहजर असताना उरलेल्यांवर ताण येतो आणि चालवणारा नकळत एकेकाची मुलाखत घेऊ लागतो.

सॅम्युएल स्लाव्हसन हा शिक्षणाने अभियंता. १९३४ मध्ये त्याने ज्यू बोर्ड ऑफ गार्डियन्स या संस्थेत मुलांचे गट सुरू केले. साधारण आठ मुलं, आठवड्यातून एकदा दोन तास, खोलीत लाकूडकाम, रंग, माती, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून खाणं. मोठा माणूस हजर, पण शिकवत नाही, रागावत नाही, शाबासकीचाही मारा करत नाही. बसतो, स्वतःचं काहीतरी दुरुस्त करतो. हे दिसतं तितकं सोपं नाही, म्हणून स्लाव्हसनचा सगळा भर मुलं निवडण्यावर होता. प्रवेशाची त्याची एक कसोटी म्हणजे मुलाला इतरांत मिसळण्याची भूक आहे का. ती मुळातच नसेल तर हा गट उपयोगाचा नाही. आणि मिश्रण जमायला हवं: चेतवणारी, शमवणारी, कुणाच्याही मागे जाणारी आणि एकटी राहणारी, अशी मुलं तो प्रमाणात घेई. चेतवणारे चार घेतले आणि शमवणारा एकही नसला, तर मोठ्या माणसाला पोलीस व्हावं लागतं आणि सगळी पद्धत कोसळते. शाळांमध्ये ‘त्रास देणाऱ्या मुलांचा गट’ म्हणून दहा त्रासदायक मुलं एका खोलीत भरतात, त्यांनी हे नीट वाचावं.

स्लाव्हसन आणि मोरेनो यांचं कधी जमलं नाही. १९४२ च्या आसपास दोघांनी आपापल्या वेगळ्या संघटना उभ्या केल्या. कुणी आधी केलं हा वाद मुख्यतः या भांडणातून पुस्तकांत शिरला आहे, त्यामुळे कुठलं पुस्तक कुठल्या घराण्याचं हे पाहिलं की त्यात कुणाचं नाव आधी येईल ते कळतं.

आणि मग दुसरं महायुद्ध. ब्रिटिश सैन्यात मानसिक आघाताने खचलेल्या सैनिकांची संख्या मोठी, मनोविश्लेषक मूठभर. बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात १९४२-४३ च्या हिवाळ्यात विल्फ्रेड बिऑन आणि जॉन रिकमन या मानसोपचारतज्ज्ञांनी जे केलं ते सहाच आठवडे टिकलं, पण त्यावर अजून लिहिलं जातं. बिऑनचा जन्म १८९७ मधला, आपल्याकडच्या मथुरेतला. पहिल्या महायुद्धात तो रणगाडा दलात अधिकारी होता, त्यामुळे सैनिक त्याला ठाऊक होते. रुग्णालयाच्या प्रशिक्षण विभागात त्याने पाहिलं की सगळ्यांच्या तक्रारी त्याच्या टेबलावर येतात आणि तो कारकून झाला आहे. त्याने नियम काढले. प्रत्येकाने रोज एक तास कवायत करायची. प्रत्येकाने एका तरी गटात असायचं, हस्तकला, नकाशावाचन, काहीही. हवा तो गट नसेल तर नवा काढायचा. अगदीच जमत नसेल तर विश्रांतीच्या खोलीत जायचं. आणि रोज दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी अर्धा तास सगळ्यांनी जमायचं.

सुरुवातीला गोंधळ. विभाग घाण, सामान गायब, गट फक्त कागदावर. सैनिकांनी तक्रार केली, काही लोक फुकट बसतात, शिक्षा करा. बिऑनने शिक्षा केली नाही. हा तुमचा प्रश्न आहे, तुम्ही अभ्यासा, असं म्हणून तो परत त्यांच्यापुढे ठेवला. शत्रू बाहेर नाही, गटातला हा विस्कळीतपणा हाच शत्रू, आणि त्याच्याशी सगळ्यांनी मिळून लढायचं. महिन्याभरात वातावरण पालटू लागलं. पण वरिष्ठांना मधला गोंधळ सोसला नाही आणि प्रयोग थांबला. याचं खापर केवळ वरिष्ठांवर फोडणं सोपं आहे. बिऑनने आपल्या विभागाला गट मानलं, पण तो विभाग ज्या रुग्णालयात होता त्याला गटात धरलं नाही. संस्थेत नवा गट सुरू करताना अधीक्षक, परिचारिका आणि वॉर्डातले मामा-मावशी यांना आधी विश्वासात न घेणारे आजही याच खड्ड्यात पडतात. बैठकीच्या मधेच कुणी रोग्याला एक्स-रेला घेऊन जातं.

दुसऱ्या फळीने ही चूक टाळली. १९४३ ते १९४६ मध्ये त्याच नॉर्थफील्डवर फोक्स (त्याच्याबद्दल पुढे), हॅरल्ड ब्रिजर आणि मानसोपचारतज्ज्ञ टॉम मेन काम करत होते. ब्रिजर डॉक्टर नव्हता, तोफखान्यातला अधिकारी आणि मूळचा गणिताचा शिक्षक. त्याने एक वॉर्ड रिकामा करून त्याला ‘क्लब’ असं नाव दिलं आणि त्यात काहीच ठेवलं नाही. सैनिक चिडले, जागा वाया घालवता म्हणून सभा घेतली, आणि त्या सभेतूनच क्लब त्यांचा झाला. टॉम मेनने १९४६ मध्ये या सगळ्याला ‘थेरप्युटिक कम्युनिटी’ (सगळं रुग्णालयच उपचार करणारा समाज) हे नाव दिलं. लंडनच्या मिल हिल रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ मॅक्सवेल जोन्सही वेगळ्या वाटेने तिथेच पोचला होता. धडधडीच्या तक्रारी असलेल्या सैनिकांना तो शरीरशास्त्र समजावून सांगे, आणि हळूहळू जुने रोगीच नव्यांना समजावू लागले.

युद्धानंतर १९४८ मध्ये बिऑन लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये गट घेऊ लागला. तो बसायचा आणि नेतृत्व करायचा नाही. लोक गोंधळत, रागावत, कुणी दुसराच पुढे होई. यातून त्याने तीन अवस्था मांडल्या: कुणीतरी तारणहार सांभाळेल अशी वाट पाहणं, लढणं किंवा पळणं, आणि गटातल्या दोघांच्या जोडीतून काहीतरी चमत्कार होईल ही आशा. काम टाळणारा गट ओळखायला याच्याइतकं धारदार साधन नाही. पण रोग्यांवर उपचार करायला बिऑनची खुर्ची घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सतत फक्त ‘गट असं करतो आहे’ एवढंच बोलणाऱ्या माणसासमोर दुखणं घेऊन आलेला एकटा पडतो. १९७६ मध्ये टॅव्हिस्टॉकच्याच मालान आणि सहकाऱ्यांनी जुन्या रोग्यांचा पाठपुरावा केला तेव्हा त्यांतल्या अनेकांची नाराजी उघड झाली.

उपचारासाठी खुर्चीची बरी जागा फोक्सने शोधली. सिगमुंड हाइनरिक फुक्स हा जर्मन ज्यू, १९३३ मध्ये इंग्लंडला आला आणि फोक्स झाला. फ्रँकफर्टला तो कुर्ट गोल्डस्टाइन या मज्जातज्ज्ञाकडे शिकला होता, आणि एकटी मज्जापेशी काही सांगत नाही, तिचं जाळं सांगतं, हे त्याने तिथून उचललं. एक्सेटर गावात १९४० च्या सुमारास त्याने स्वतःचे काही रोगी पहिल्यांदा एकत्र बसवले. एरवी ते सगळे प्रतीक्षाकक्षात एकमेकांना फक्त पाहत.

त्याची मांडणी आज जवळपास सगळीकडे वापरली जाते, बहुतेकांना नाव माहीत नसतं इतकंच. एकमेकांना अनोळखी सात-आठ जण. वर्तुळ. सगळ्या खुर्च्या एकाच जातीच्या, चालवणाऱ्याचीही तीच. मधे छोटं टेबल. दीड तास, तोच वार, तीच खोली. विषय ठरलेला नाही, मनात येईल ते बोलायचं. चालवणारा उशिरा बोलतो, कारण तो म्हणणार असतो ते थोडं थांबलं तर बहुधा कुणी सभासद म्हणतो आणि त्याच्या तोंडून ते जास्त लागतं. सुरुवातीला गट त्याच्याकडे पाहून बोलतो. त्याचं काम ते पाहणं हळूहळू एकमेकांकडे वळवणं.

फोक्सने आणखी एक गोष्ट उपचारात मोजली, जी आपण कारकुनी समजतो: खुर्च्या लावणं, कोण येणार, कुणाचा निरोप आला, कुणाला कधी घ्यायचं. गैरहजर सभासदाची खुर्ची मांडलेलीच ठेवतात. जो कायमचा गेला त्याची काढतात, आणि तेही गटात बोलून. नुकत्याच सोडून गेलेल्याची खुर्ची मुकाट्याने उचलली तर पुढचा अर्धा तास गट भलत्याच विषयावर भांडतो. निवडीतही एक काळजी घ्यायची: कुठल्याही बाबतीत कुणी गटात एकटा नको. सात विवाहितांत एक घटस्फोटित बाई बसवली तर ती सभासद राहत नाही, विषय होते.

आपल्या देशातही टंचाईनेच वाट दाखवली. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी रोग्यांच्या नातेवाइकांना आवारात तंबूंमध्ये राहायला बोलावलं आणि त्यांच्याशी गटाने बोलायला सुरुवात केली. प्रॅटचे तंबू आणि हे तंबू यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, अडचण सारखी होती. महाराष्ट्रात गट हे उपचाराचं मुख्य अंग म्हणून लोकांना परिचित झाले ते व्यसनमुक्तीमुळे. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (ए.ए.) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभा आणि पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेलं मुक्तांगण ही त्यातली ठळक नावं. ए.ए. मध्ये तर तज्ज्ञाची खुर्चीच नाही.

फोक्सची एक अट इथे जशीच्या तशी पाळता येत नाही, ती म्हणजे अनोळखी माणसं आणि बैठकीबाहेर संबंध नको. सातारा-लातूरसारख्या गावात आठ माणसं निवडली तर दोघं एकमेकांच्या नात्यातली किंवा एकाच शाळेतली निघतात. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर वोल्फने १९३८ पासून याच्या उलट केलं होतं: ठरावीक बैठका त्याच्यासह आणि मधल्या बैठका सभासदांनी त्याच्याशिवाय घ्यायच्या. त्याच्यासमोर न येणारं तिथे येई, पण ते परत मुख्य बैठकीत आणायचं असा दंडक होता. लहान गावात हाच दंडक घ्यावा. निवडीच्या भेटीतच कोण कुणाला ओळखतं ते विचारा. एकमेकांवर पैशाने, नोकरीने किंवा संसाराने अवलंबून असलेले दोघं एका गटात घेऊ नका. बाकी ओळखी पहिल्या बैठकीत उघड होऊ द्या. गटाचा व्हॉट्सअॅप ग्रुप फक्त वेळ, जागा आणि गैरहजेरी कळवण्यापुरता ठेवा, आणि रात्री दोघं फोनवर बोलले असतील तर त्यांनी ते पुढच्या बैठकीच्या पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांसमोर सांगायचं, हे गट सुरू होण्याआधीच प्रत्येकाकडून कबूल करून घ्या.